डेकोराचा पट्टा

टिल्मन,

आधी मुद्द्याचं लिहिते. मला यायचं होतं. हे तीन शब्द कागदावर यायला दोन वर्षं लागली, आणि तुला जाऊनच सव्वा वर्ष झालं, तेव्हा पत्र कुठल्या पेटीत टाकायचं हे विचारू नकोस. तू दोनदा विचारलंस. मी दोनदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा विचारतोस की नाही, याची वाट बघत मी त्या गुरुवारी सकाळी सात वाजल्यापासून निळं जाकीट खुर्चीच्या पाठीवर टाकून बसले होते. दहा वाजता ते परत कपाटात गेलं. तुझा तो गवत कापायचा छोटा ट्रॅक्टर आता माझ्याकडे असतो. पट्टा अजून घसरतो. गवतात मधोमध शेंडी राहते. लव्हर्न कुरकुर करतो. बाकी ठीक.

एवढं लिहून आर्डिस क्वामेने पेन खाली ठेवलं. बियाण्यांच्या जाहिरातीचं पत्रक होतं, त्याच्या कोऱ्या पाठीवर लिहिलं होतं. तेही आता संपलं होतं. चाळीस वर्षं तालुक्याच्या शाळेत जीवशास्त्र शिकवलेली बाई, बेडकाच्या पोटात काय कुठे असतं ते डोळे मिटून सांगेल. पण स्वतःच्या पोटातलं बाहेर काढायला तिला जाहिरातीची पाठ लागली. असो.

टिल्मन ब्रेक्के तिचा शेजारी. जन्म गावाबाहेरच्या टेकडीवरचा, गाईंच्या गोठ्यातला म्हटलं तरी चालेल. बावन्न वर्षं त्याने पहाटे साडेचारला उठून गाईंचं दूध काढलं, लग्न केलं नाही. केलं नाही म्हणजे कुणी नाकारलं असंही नाही. विचारायचं राहून गेलं, आणि मग गाई होत्याच. गुडघे गेले तेव्हा गाई विकल्या, शेत भाच्याला दिलं आणि नॉर्डडाल गावात आर्डिसच्या शेजारचं पांढरं घर घेतलं. दोन घरांच्या मध्ये कुंपण नव्हतं, आजही नाही. फक्त गवत.

आणि या गवतातच त्याचं सगळं बोलणं होतं. आमच्याकडे शेजाऱ्याशी पटत असेल तर गवत कापताना हद्दीच्या पलीकडे एक फेरी जास्त मारायची पद्धत आहे. एकच. दोन मारल्या तर शेजाऱ्याला वाटेल की आपण त्याला आळशी समजतो. टिल्मनने पहिल्या उन्हाळ्यात एक फेरी मारली. दहाव्या उन्हाळ्यापर्यंत तो तिच्या कपडे वाळत घालायच्या तारेपर्यंत आला होता. त्याबद्दल दोघांपैकी कुणीही एक अक्षर काढलं नाही. तिने फक्त तार चार फूट अलीकडे घेतली, आणि तो चार फूट आणखी आला.

गावातल्या निम्म्या लोकांची गवत कापायची यंत्रं त्याच्या शेडमध्ये बरी होत. बदल्यात लोणच्यातल्या बिटाची बरणी किंवा बटाट्याच्या पातळ पोळ्यांचा पुडा आणून दिला की झालं. काम कसं झालं विचारलं तर म्हणायचा, "वाईट नाही." याच्यावरची स्तुती त्याच्याकडे नव्हती. आर्डिसच्या रूबार्बच्या, म्हणजे आंबट देठांच्या, केकलाही तो "वाईट नाही" म्हणायचा आणि तिसरा तुकडा घ्यायचा. तिसरा, तिसऱ्यांदा विचारल्यावर.

हे तिसऱ्यांदाचं नीट सांगायला हवं, कारण सगळी गोष्ट त्यावर अडली आहे. आमच्याकडे कुणी कॉफी विचारली की पहिल्यांदा नको म्हणायचं, तो शिष्टाचार. दुसऱ्यांदाही नको म्हणायचं, तो संकोच. तिसऱ्यांदा विचारलं की "बरं, केलेलीच आहे तर अर्धा कप" म्हणायचं आणि दोन कप प्यायचे. पहिल्याच विचारण्याला हो म्हणणारा माणूस हावरट. दोनदा विचारून थांबणारा एक तर परगावचा, नाही तर त्याला मुळात द्यायचंच नव्हतं. लहान मूलसुद्धा चुकत नाही यात.

तर दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात, एका मंगळवारी सकाळी, टिल्मन आर्डिसच्या तारेखालून ट्रॅक्टर नेत असताना ट्रॅक्टरच्या पोटाखालून मांजर चिरडल्यासारखी किंकाळी आली, धूर आला आणि पाती थांबली. आर्डिस हातातला टॉवेल तसाच धरून धावत बाहेर आली.

"मेलं का काही?"

"पुली मेली," टिल्मन म्हणाला. "पट्टाही सोबत गेलाय. जोडीने."

"मग आता?"

"आता तुझं गॅरेज उघड, मास्तरीणबाई. मला हे ढकलत माझ्या दारापर्यंत न्यायचं नाही, आणि लव्हर्नने बघितलं तर गावभर सांगेल की टिल्मनचा ट्रॅक्टर बंद पडला."

म्हणून ती दुरुस्ती आर्डिसच्या गॅरेजात झाली. दिवसभर. तिने आपली गाडी बाहेर उन्हात काढली, आणि ती असली बाई आहे की गाडीचा रंग उडेल म्हणून एरवी पाच मिनिटंही बाहेर ठेवत नाही.

त्याने पाती बसवलेला डेक खाली केला, इंजिनच्या पुलीवरून पट्टा उतरवला, चार पिना ओढल्या आणि डेक बाजूने सरकवून बाहेर काढला. उलट्या घातलेल्या मोठ्या परातीसारखा तो लोखंडी डेक, त्यावर तीन पात्यांच्या तीन पुल्या, आणि मध्ये पट्ट्याला ताण देणारी एक छोटी पुली, स्प्रिंगने ओढलेल्या दांडीवर बसवलेली. सगळ्यावर वाळलेल्या गवताचा बोटभर थर. टिल्मनला खाली वाकवत नव्हतं, म्हणून तो दूधवाल्याच्या जुन्या क्रेटवर बसला आणि आर्डिस गुडघ्यांवर.

"खरवड," त्याने पोटीन लावायची पट्टी तिच्या हातात दिली. "शिकवताना बेडूक कापायचीस ना? तसंच. फक्त याला वास बरा आहे."

"माझे बेडूक तुझ्या या घाणीपेक्षा स्वच्छ होते."

"बेडकांना विचारलं होतंस?"

गवत निघालं. त्याने प्रत्येक पुली बोटाने फिरवायला सांगितली. पहिल्या तीन गप्प फिरल्या. छोटी पुली फिरवली तर आतून वाळू दळल्यासारखी घरघर आली आणि ती डुगडुगली.

"ऐकलंस? बेअरिंग गेलंय. चांगलं बेअरिंग बोलत नाही."

"म्हणजे तुझ्यासारखं."

तो हसला नाही, पण त्याचे कान लाल झाले. आर्डिसने ते पाहिलं आणि खाली मान घालून उगाचच पुन्हा खरवडायला लागली.

नट गंजून बसला होता. त्यावर तेल सोडून दोघं कॉफीला आत गेली. (पहिल्यांदा नको, दुसऱ्यांदा नको, तिसऱ्यांदा दोन कप.) तास गेल्यावर पान्याला लोखंडी नळी जोडून दोघांनी मिळून जोर लावला, तिचे हात त्याच्या हातांवर आले, नट करकरत सुटला. त्यानंतर नट हातात धरून टिल्मन जरा जास्तच वेळ त्याच्याकडे बघत बसला. तशीच दुसरी छोटी पुली त्याच्या शेडमध्ये होती, जुनीच पण गप्प फिरणारी. ती बसवली. पात्यांच्या दांड्यांना ग्रीस भरलं. राहिला पट्टा.

जुना पट्टा कडेने पिंजला होता, आतून काचेसारखा चकचकीत झाला होता, जागोजाग भेगा. टिल्मनने खिशातून सुतळी काढली, पट्ट्याभोवती फिरवली, गाठ मारली, टेपवर धरली आणि म्हणाला, "एकशे सेहेचाळीस इंच. येतो घेऊन."

आर्डिस अडखळली. हाच माणूस वीस वर्षं प्रत्येकाला सुनावत आला होता, "जुन्या पट्ट्याला लांबी विचारू नये. म्हातारा झाला की ताणला जातो, आणि विचारलं की दोन इंच वाढवूनच सांगतो." लव्हर्नने एकदा असाच जुना मोजून नवा आणला होता, तर टिल्मनने चर्चच्या पायऱ्यांवर सगळ्यांदेखत त्याची फिरकी घेतली होती. आता स्वतःच सुतळी घेऊन निघाला. तिला वाटलं, वय झालं. माणसाला त्याचं म्हातारपण तोंडावर सांगायची आमच्याकडे पद्धत नाही.

गावातल्या खाद्य-बियाण्यांच्या दुकानात भिंतीवर खिळ्यांना पट्टे लटकलेले असतात. तिथून तो एकशे सेहेचाळीसचा घेऊन आला. बसवला. डेक आत सरकवला. ट्रॅक्टर सुरू केला, पाती फिरली, छान आवाज आला. पण तारेखालच्या दाट गवतात शिरल्याबरोबर पट्टा घसरला, रबर जळल्याचा वास आला आणि मधल्या पात्याने गवत कापायच्या ऐवजी नुसतं आडवं पाडलं. टिल्मनने ट्रॅक्टर बंद केला, खाली हात घालून चाचपलं.

"लांब झाला," तो म्हणाला. "दोन इंच."

"सांग बरं कोण म्हणायचं, जुन्याला लांबी विचारू नये?"

"कुणी तरी शहाणा असेल." त्याने हात पुसले. बराच वेळ पुसले. "आता मोजमापावर भरवसा नको, कंपनीचाच घ्यायला डेकोराला जावं लागेल. तिथल्या विक्रेत्याकडेच मिळेल. गुरुवारी जाईन म्हणतो. तुला काही काम नसेल तर चल सोबत."

डेकोरा पन्नास मैल. म्हणजे जाऊन-येऊन अख्खा दिवस. आर्डिसने मनात निळं जाकीटसुद्धा काढलं, आणि तोंडातून जे यायचं तेच आलं.

"छे, मी कशाला. अडचण होईल तुला."

टिल्मनने मान हलवली. हे अपेक्षितच होतं. हातातला फडका त्याने घडी घालून खिशात ठेवला.

"नदीकाठच्या खाणावळीत गरम बीफ सँडविच मिळतं. बटाट्यावर ग्रेव्ही ओतून. वाईट नसतं म्हणतात."

"गुरुवारी मला पाव भाजायचा असतो रे."

आता तिसरं. दोघांनाही माहीत होतं आता तिसरं. टिल्मनने टोपी काढली, डोक्यावरून हात फिरवला, टोपी परत घातली. आर्डिसने श्वास रोखला. तिचं उत्तर तयार होतं: "बरं, पाव काय बुधवारीही भाजता येईल." टिल्मनने तोंड उघडलं.

आणि फाटकातून लव्हर्न ओपसालची गाडी आत आली.

लव्हर्न चर्चच्या दफनभूमीचा कारभारी. मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी लोक आपापल्या माणसांच्या थडग्यांवर फुलं घेऊन येतात, त्याआधी तिथलं गवत कापून व्हायला हवं, आणि ते काम टिल्मनचं.

"काय रे, बंद पडला वाटतं?" लव्हर्न खिडकीतूनच ओरडला.

"तुझी वाट बघत उभा आहे," टिल्मन म्हणाला.

लव्हर्न उतरला. पाऊस कमी आहे म्हणाला. मक्याची पेरणी उशिरा झाली म्हणाला. कुणाच्या तरी कमरेचं ऑपरेशन सांगितलं, कमरेपासून सुरुवात करून. मग मांडीवर थाप मारून "चला तर मग" म्हणाला, आणि आमच्याकडे "चला तर मग" म्हटल्यावर जेवढा वेळ उभं राहायचं असतं तेवढा, म्हणजे पाऊण तास, उभा राहिला. आर्डिस एकदा त्याच्याकडे बघे, एकदा टिल्मनकडे. जा ना रे बाबा, जा. शेवटी तो गेला तेव्हा टिल्मनच्या चेहऱ्यावरून ते तिसरं केव्हाच उतरून गेलं होतं.

"बरं तर," तो म्हणाला, आणि ट्रॅक्टर घेऊन घरी गेला.

बुधवारी तिने पाव भाजून ठेवला. गुरुवारी जाकीट काढलं. दहाला ठेवलं. त्याची गाडी दिवसभर दारातून हलली नाही.

तो डेकोराला गेलाच नाही. स्प्रिंगचं टोक शेवटच्या भोकात अडकवून त्याने होता तो ताण वाढवला आणि अख्खा उन्हाळा तसाच काढला. दर शनिवारी तारेखालून जाताना पट्टा घसरायचा, रबराचा वास तिच्या स्वयंपाकघरात यायचा आणि मागे गवताची एक उभी शेंडी राहायची. गावभरची यंत्रं बरी करणाऱ्या माणसाचं आपलं तेवढं तसंच.

कुणी म्हणेल, मग बाईने स्वतः का नाही विचारलं? शिकलेली, स्वतःची गाडी चालवणारी, शाळेत मुख्याध्यापकाला जागच्या जागी सुनावणारी बाई. विचारलं. आपल्या परीने विचारलं. ऑगस्टमध्ये केक घेऊन त्याच्या दारात गेली आणि म्हणाली, "तुझ्या त्या पट्ट्याचं काय केलंस?"

"चालतंय," टिल्मन म्हणाला. "वाईट नाही."

"डेकोराला जाणार होतास."

"जाऊ कधी तरी."

यात विचारण्यासारखं दोघांनीही सगळं विचारलं होतं आणि कुणीही काहीही विचारलं नव्हतं. ती घरी आली आणि भांडी जोरात घासली. त्याला तिचे दोन नकार खरे वाटले का? की पुन्हा पहिल्यापासून विचारावं तर लाज वाटत होती? तिला आजही माहीत नाही. उन्हाळा गेला, पानं गेली, तो फेब्रुवारीत झोपेतच गेला. दफन चर्चच्या मागे झालं, जिथलं गवत तो एकतीस वर्षं कापत आला होता. जमीन गोठलेली, खणायला दोन दिवस लागले.

भाचा घर रिकामं करायला आला तेव्हा ट्रॅक्टरच्या चाकाला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली होती: मास्तरीणबाईंना. भाच्याने तिला शेड बघायला बोलावलं, काही हवं तर न्या म्हणाला. तिला काही नको होतं. पण बाकाच्या वरच्या फळीवर टिल्मनने गावातल्या प्रत्येक यंत्राची मापं पेन्सिलीने लिहून ठेवली होती, नावांसकट. लव्हर्न: इतके इंच, जुना मोजतो. पाद्री: इतके इंच. आणि सगळ्यात वर, अक्षर इतकं जुनं की लाकडात मुरलेलं: माझा, एकशे चव्वेचाळीस, आणि पुढे कंपनीचा नंबर.

आर्डिस बाकाला हात टेकून उभी राहिली.

ती फळी तिच्या गॅरेजापासून वीस पावलांवर होती. वीस वर्षं होती. म्हणजे त्या मंगळवारी म्हातारपण वगैरे काही नव्हतं. माप चुकवून त्याने आधीच एक चूक केली होती, मुद्दाम, डेकोराला जायला निमित्त हवं म्हणून. सगळ्या जन्मात एवढं एकच लबाड काम केलं त्या माणसाने, आणि तेही तिच्या तोंडच्या पावाने फुकट गेलं.

"काही हवं होतं का?" भाच्याने विचारलं.

"नाही," ती म्हणाली. मग पर्समधून कागद काढून नंबर उतरवून घेतला.

हे झालं मागच्या वर्षीचं. मागच्या मे महिन्यात तिने एकटीने डेक काढला. चार पिना, गवत, पट्टी, ग्रीस. पुल्या फिरवून बघितल्या, चारही गप्प. लांब पट्टा तिने जसा होता तसाच परत चढवला. दफनभूमीचं गवत कोण कापणार असं चर्चमध्ये निघालं तेव्हा ती म्हणाली, मी. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई ट्रॅक्टरवर, हॅट घालून. गावाला सवय झाली. तिच्या मागे थडग्यांच्या रांगांमधून गवताची एक उभी शेंडी राहते, सरळ, टिल्मनच्या दगडापर्यंत जाऊन पलीकडे निघणारी.

आज सकाळी पत्र लिहून ती दाराशी आली तर लव्हर्न पायरीवरच उभा.

"आर्डिस, बोलायचं म्हणजे काही नाही. काम छान करतेस. वाईट नाही. पण सोमवार आला, लोक येतील, आणि ती शेंडी."

"कुठली शेंडी?"

"आता बघ तूच. ओपसालांच्या रांगेत माझ्या आईच्या पुढ्यातून जाते. पट्टा बदलला की झालं. मी गुरुवारी डेकोराला चाललोय, दाढेचं काम आहे. नंबर दे, घेऊन येतो."

"कशाला उगाच तुला त्रास."

"त्रास कसला, वाटेवरच आहे दुकान."

"राहू दे रे. चालतंय."

लव्हर्नने टोपी मागे सारली. तो आपल्या गावचा माणूस, त्याला रीत ठाऊक. तिसऱ्यांदा त्याने जरा गोड आवाजात विचारलं, जसं विचारायचं असतं तसं, आणि हात आधीच पुढे केला, कागद घ्यायला.

"आर्डिस, आणतो ना मी. दे तो नंबर."

"नाही," आर्डिस म्हणाली.

लव्हर्नला काही समजेना. तिसऱ्यांदा नाही, हे त्याने उभ्या आयुष्यात ऐकलं नव्हतं. पुढे केलेला हात कुठे ठेवावा हेही त्याला सुचेना; शेवटी तो त्याने मांडीवर आपटला.

"चला तर मग," तो म्हणाला, आणि या खेपेस खरोखरच लगेच गेला.

आर्डिसने जाहिरातीच्या पत्रकाची घडी घातली. तो नंबराचा कागद फ्रिजच्या दारावर चुंबकाखाली वर्षभर लागलेला आहे, त्याच्याच मागे खोचली. गुरुवारी पाव भाजायचा होता. डेकोराला जायचं तसंच राहिलं.